लाल उजेडातली पैठणी

येवल्याची पैठणी कम्प्युटरच्या माऊसला कशी दिसत असेल? प्रश्न ऐकायला चक्रम आहे, पण तिच्यावर ठेवला तर माऊसला ती दिसते एवढे मात्र नक्की. पोटाशी लाल दिवा जळणाऱ्या माऊसमध्ये खराखुरा कॅमेरा असतो. आपला हात हलत असताना तो खालच्या पृष्ठाचे फोटो काढत असतो, सेकंदाला हजाराच्या वर. हा कॅमेरा रंगांधळा आहे. उजेड किती परत आला, एवढाच त्याचा हिशेब. आणि पैठणी म्हणजे तर सगळा रंगांचा खेळ. माऊसचा दिवा लाल असला काय आणि निळा असला काय, फरक कुठे पडतो हे माऊसच्या खोक्यावरची जाहिरात वाचून कळत नाही. साडीवर ते चटकन कळते.

मनमाडहून दौंडकडे निघालेल्या गाडीला येवला लागते. पैठणहून विणकर आणून रघोजी नाईकांनी इथे वसवले, असे गावात सांगतात. आता पैठणीचे माग खुद्द पैठणपेक्षा येवल्यात आणि नागड्यासारख्या आसपासच्या गावांत जास्त आहेत. दुकानात गिऱ्हाईक गादीवर टेकले की दुकानदार घडी मोडतो, साडी हातावर घेतो आणि उजेडात जराशी तिरकी करतो. ‘बघा वहिनी, इकडून अंजिरी, इकडून हिरवी.’ साडी एकच, रंग दोन. या धूपछावीचे गुपित मागावर आहे. उभा धागा, म्हणजे ताणा, एका रंगाचा लावलेला असतो आणि धोट्यातून येणारा आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा. एक धागा दुसऱ्याच्या वरून जातो, मग खालून, मग पुन्हा वरून. त्यामुळे कापडावर दोन रंगांचे बारीक ठिपके आळीपाळीने येतात. आपल्याला ते सुटे दिसत नाहीत, त्यांची बेरीज दिसते. साडी वळवली की कधी ताणा जास्त नजरेत भरतो, कधी बाणा, आणि बेरीज बदलते.

माऊसचा डोळा कापडाला इतका चिकटून असतो की त्याच्यापुढे बेरीज नसते, ठिपकेच असतात. अजिलेंट कंपनीची एडीएनएस-२६१० नावाची चिप एकेकाळी साध्या, स्वस्त माऊसमध्ये सर्रास सापडायची. तिच्या डोळ्यात उभ्या १८ आणि आडव्या १८, म्हणजे अवघ्या ३२४ चौकटी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात अशा चौकटी कोट्यवधी असतात. या ३२४ चौकटींत कापडाचा जेमतेम एक मिलिमीटरचा चौकोन मावतो. असे फोटो सेकंदाला १५००. चिप नवा फोटो घेते, आधीच्या फोटोवर ठेवून बघते, एक घर डावीकडे सरकवते, एक घर उजवीकडे, वर, खाली, आणि कुठे सरकवल्यावर दोन्ही सगळ्यांत चांगले जुळतात ते शोधते. जितके सरकवावे लागले तितका हात हलला. पडद्यावरचा बाण त्याच मापाने हलतो. आपण काय पाहतो आहोत याच्याशी चिपला काही देणेघेणे नाही. टेबल, वर्तमानपत्र, मांडी, पैठणी, सगळे तिला सारखेच. तिची अट एकच: जे दिसेल त्यात काहीतरी उठून दिसणारे हवे, आणि ते जागोजागी वेगळे हवे. दिसणाऱ्या पृष्ठात ओळखता येण्यासारख्या खुणा किती आहेत, हे मोजून ठेवायची सोयही अशा चिपमध्ये असते. माऊस उचलून हवेत धरला की हा आकडा शून्याच्या आसपास येतो.

या खुणा येतात कुठून? दोन ठिकाणांहून. पहिली जागा म्हणजे सावली. माऊसमधला दिवा पृष्ठावर सरळ वरून पडत नाही, अगदी तिरका, जवळजवळ लोळत पडतो. नांगरलेल्या काळ्या रानावर संध्याकाळचे ऊन तिरके आले की ढेकळन्‌ ढेकूळ उठून दिसते, आणि तेच रान दुपारी बाराला सपाट वाटते. माऊस आपल्या पोटाखाली कायमची संध्याकाळ करून ठेवतो. कागदाचे तंतू, लाकडाच्या शिरा, कापडाचे धागे, सगळ्यांच्या सावल्या पडतात. खुणांची दुसरी जागा म्हणजे रंग. एका ठिपक्याने उजेड गिळला आणि शेजारच्याने परत पाठवला, की झाली खूण.

सगळी गोम इथे आहे. सावलीला दिव्याच्या रंगाचे फारसे सोयरसुतक नसते. लाल दिव्याची सावली आणि निळ्या दिव्याची सावली बहुतेक पृष्ठांवर सारखीच काळी. रंगातून येणारी खूण मात्र दिव्याचा रंग बदलला की उमटते किंवा पार पुसली जाते. म्हणून कोऱ्या कागदावर लाल माऊस आणि निळा माऊस सारखेच चालतात आणि लोक म्हणतात, रंगाने काही होत नाही. कागदावर ते बरोबरच आहे. पैठणीवर नाही.

हे घरी बघता येते, माऊस न घेता. (माऊस घरच्या पैठणीवर घासू नका. आईचा किंवा सासूबाईंचा अभिप्राय छापण्याजोगा नसेल.) रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाईलचा पडदा पूर्ण लाल होईल असे लाल रंगाचे चित्र त्यावर लावा आणि त्या उजेडात साडी पाहा. मग पडदा निळा करा.

आधी काळी चंद्रकळा घ्या, लाल काठाची. लाल उजेडात काठाचे रेशीम झळाळून उठते आणि अंग काळेच राहते. काठ कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवता येईल. उजेड निळा केला की काठ बुडतो. लाल रंगाचे रेशीम निळा उजेड गिळून टाकते, परत काही येत नाही, आणि काठ अंगाएवढाच काळा होतो. साडीला काठ आहे हे कळायला आता फक्त जर उरते. आता राघू रंगाची, म्हणजे पोपटी हिरवी, लाल काठाची. लाल उजेडात हिरवे अंग काळवंडते, काठ उजळतो. शिरोदक, म्हणजे शुभ्र पांढरी पैठणी, लाल उजेडात लाल आणि निळ्यात निळी दिसेल, पण रंगांधळ्या डोळ्याला दोन्ही वेळा ती नुसती उजळ. तिथे उरतात त्या धाग्यांच्या सावल्या, आणि दिव्याचा रंग बिनकामाचा ठरतो.

खरी गंमत धूपछावीत. ताणा लाल आणि बाणा निळा असेल तर लाल दिव्याखाली जिथे जिथे ताणा वर आला आहे ते ठिपके उजळ आणि बाण्याचे ठिपके काळे. दिवा निळा केला की बरोबर उलट. माऊसच्या दृष्टीने दोन्ही चित्रे तितकीच चांगली, एक दुसऱ्याची निगेटिव्ह. पण ताणा लाल आणि बाणा राणी रंगाचा असेल तर? राणी रंग लाल उजेडही परत पाठवतो आणि निळाही. लाल दिव्याखाली दोन्ही धागे सारखेच उजळतात, रंगाची खूण मिटते, माऊस सावल्यांवर गुजराण करतो. निळ्या दिव्याखाली मात्र लाल धागा काळा, राणी उजळ, ठिपका ठिपक्यापासून सुटा. आणि हिरव्या-निळ्या जोडीवर लाल दिवा लावला तर तिसरीच तऱ्हा: दोन्ही धागे लाल उजेड गिळतात, परत येणारा उजेडच थोडा. अशा वेळी चिप कॅमेऱ्याचे झाकण जास्त वेळ उघडे ठेवते, कसाबसा उजेड गोळा करते, आणि हात जोरात हलला तर चित्र फराटते. म्हणजे ‘लाल चांगला की निळा’ याला खाली काय अंथरले आहे हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. दिवा आणि रंगाची ही गाठ जिथे पडते तिथेच दिव्याच्या रंगाला अर्थ.

आणि ही गाठ मुद्दाम बांधून एका माणसाने कधीकाळी माऊसच तयार केला होता.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत दोघांनी एकमेकांपासून वेगळे काम करत प्रकाशावर चालणारे माऊस बनवले. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या रिचर्ड लायन यांच्या माऊसला १६ चौकटींचा डोळा होता आणि तो कागदावर छापलेल्या ठिपक्यांवरून चालायचा. दुसरे एमआयटीचे स्टीव्ह कर्श. त्यांच्या माऊससोबत धातूची एक चकचकीत पाटी यायची, आणि माऊस फक्त तिच्यावरच चालायचा. पाटीवर बारीक रेघांची जाळी होती. पुढे त्यांच्या माऊस सिस्टिम्स कंपनीने विकलेल्या नमुन्यात उभ्या रेघा एका शाईच्या आणि आडव्या दुसऱ्या शाईच्या होत्या. माऊसच्या पोटात दिवे दोन: एक लाल, दुसरा अवरक्त, म्हणजे आपल्याला न दिसणारा. एक शाई लाल उजेड गिळायची पण अवरक्ताला सोडून द्यायची, दुसरी अवरक्त गिळायची. परिणामी एका दिव्याला फक्त उभ्या रेघा दिसायच्या, दुसऱ्याला फक्त आडव्या. माऊस आडवा सरकला की एक डोळा उभ्या रेघा मोजायचा, पुढेमागे सरकला की दुसरा डोळा आडव्या. पाटी चुकून काटकोनात फिरवून ठेवली की हात आडवा जायचा आणि बाण उभा.

वेगळ्या रंगाचा ताणा, वेगळ्या रंगाचा बाणा, आणि प्रत्येकाला ओळखणारा वेगळा दिवा. कर्श यांनी पैठणी पाहिली असण्याचे काही कारण नाही. पण त्यांच्या पाटीची कल्पना येवल्याच्या विणकराला समजावून सांगायला दोन वाक्येही लागणार नाहीत.

ही पाटी सांभाळायचा वैताग लोकांना नको होता, म्हणून बरीच वर्षे रबरी गोळीचा माऊस चालला. आतल्या चाकांवर साचलेला मळ नखाने खरवडायचे काम ज्यांनी केले आहे त्यांना तो आठवत असेल. पाटीवाचून चालणारा डोळा एचपी कंपनीत तयार झाला. हातात धरून कागदावर फिरवायच्या स्कॅनरसाठी, आपण कागदावर कुठे आहोत हे कागदाच्या तंतूंवरून ओळखणारी चिप तिथे बनली होती. तीच युक्ती माऊसला लावली. या माऊसच्या पेटंटवर गॅरी गॉर्डन, डेरेक नी, राजीव बदयाल आणि जेसन हार्टलव्ह अशी नावे आहेत. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने असा डोळा असलेला माऊस बाजारात आणला आणि त्याच्या पोटाखालचा लाल उजेड बघता बघता जगभरच्या टेबलांवर पसरला.

लालच का? सगळ्यांत खरे उत्तर रुक्ष आहे: स्वस्त होता. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये करून दाखवला होता. म्हणजे माऊसमध्ये शिरेपर्यंत तो चांगला मुरलेला होता. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांच्या हातून १९९३ मध्ये बाहेर पडला, आणि त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. नोबेलच्या तोलाचा दिवा स्वस्त माऊसमध्ये घालायला १९९९ हे साल जरा लवकरच होते. शिवाय निळ्या एलईडीला तीनएक व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास पुरतात. सेलवर चालणाऱ्या माऊसला एवढा फरक झोंबतो.

दुसरे कारण सिलिकॉनच्या अंगात आहे. माऊसचा डोळा सिलिकॉनचा. उजेडाचा एक कण आत आला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. कण लाल आहे की निळा, याने इलेक्ट्रॉनच्या संख्येत भर पडत नाही. पण निळ्या कणात ऊर्जा जास्त कोंबलेली असते, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत कण कमी बसतात. एडीएनएस-२६१० चिपच्या त्या जुन्या माऊसचा लाल उजेड ६३९ नॅनोमीटरचा. निळा साधारण ४७० चा धरा. एकसारख्या ऊर्जेच्या दोन झोतांत लाल कण निळ्यापेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त निघतात. त्यातही निळा उजेड सिलिकॉनच्या वरच्या अर्ध्यापाऊण मायक्रॉनमध्येच संपतो, आणि अगदी पृष्ठालगत सुटलेले इलेक्ट्रॉन मोजणीला पोचण्याआधी वाटेत हरवायचा धोका असतो. लाल उजेड तीनएक मायक्रॉन आत जाऊन कामी येतो. म्हणजे या डोळ्याच्या लेखी लाल हाच उजळ रंग आणि निळा मंद. आपल्या डोळ्यांना वाटते तो हिशेब इथे लागू नाही.

मग मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये निळ्या दिव्याचे ‘ब्लूट्रॅक’ माऊस काढले आणि ते गालिच्यावर, ग्रॅनाइटवर, कुठेही चालतील अशी जाहिरात केली (पारदर्शक काच आणि आरसा वगळून), ती थाप होती का? थाप नव्हती. पण श्रेय निळ्या रंगाला जरा जास्तच मिळाले, असे माझे मत आहे. निळ्या उजेडाची तरंगलांबी कमी म्हणून त्याला बारीक दिसते, हे स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येते. तत्त्व खरे, पण इथे गैरलागू. माऊसच्या एका चौकटीत कापडाचा सुमारे ६० मायक्रॉनचा तुकडा येतो. लाल आणि निळ्याच्या तरंगलांबीतला फरक एका मायक्रॉनचा पाचवा भागसुद्धा नाही. डोळ्याची चाळणीच एवढी मोठ्या भोकांची असताना पीठ किती बारीक दळले याने काय होणार?

निळ्याचा खरा फायदा वेगळा आहे, आणि तो मला जास्त आवडतो. मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरला की बोट लाल दिसते. निळा उजेड मांसात लगेच संपतो, लाल आत शिरून, इकडेतिकडे भरकटून, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. संगमरवर, लाकूड, मेण, बऱ्याच जिवंत आणि अर्धपारदर्शक गोष्टींमध्ये हेच कमीअधिक होते. लाल उजेड पृष्ठाखाली पसरतो, भलत्याच ठिकाणाहून बाहेर येतो आणि बारीक सावल्या धुऊन टाकतो. निळा वरच्या थरातूनच परततो, म्हणून अशा पृष्ठांवर त्याच्या सावल्या काळ्या राहतात. लाकूड, तपकिरी-पिवळसर वस्तू निळा उजेड जागोजागी कमीजास्त गिळतात, तीही खूणच. बाकीचे श्रेय त्या माऊसच्या रुंद झोताला आणि भिंगांच्या मांडणीला.

आता पदरावर येऊ. पदर म्हणजे जर, आणि जर म्हणजे माऊसची सत्त्वपरीक्षा.

सोन्याचा पिवळेपणा हा निळ्याच्या तुटीतून येतो. सोने लाल उजेड जवळजवळ सगळा परत पाठवते, निळा मात्र निम्म्याहूनही कमी. चांदी दोन्ही सारखेच परत करते. त्यामुळे सोन्याचा मुलामा असलेली जर आणि नुसती रुपेरी जर लाल दिव्याखाली माऊसला सारख्याच दिसतील. निळ्या दिव्याखाली सोनेरी जर रुपेरीपेक्षा काळपट. पण जरीची खरी अडचण रंगाची नाहीच, चकाकीची आहे. रेशीम आणि कागद उजेड सगळीकडे विखुरतात, त्यातला काही डोळ्यात येतो. गुळगुळीत धातू तो एकाच दिशेला भिरकावतो. तिरका आलेला झोत बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला निघून जातो आणि जर काळी दिसते. एखादी वळणदार जागा झोत नेमका डोळ्यात टाकते आणि तिथे डोळे दिपतात.

त्याहून मोठी फसगत पुढे आहे. दिवा माऊसलाच जोडलेला. माऊस सरकला की दिवाही सरकला. सरळ, गुळगुळीत जरीच्या तारेवर चमकणारा बिंदू दिवा आणि डोळा यांच्या कोनातून ठरतो, तारेवरच्या जागेवरून नाही. तारेच्या दिशेने माऊस पुढे नेला की तो बिंदूही बरोबर चालतो. डोळ्याला प्रत्येक फोटोत चमक जागच्या जागी, आणि चिपचा निष्कर्ष: हात हललाच नाही. काठाच्या कडेने जाणाऱ्या जरीच्या सरळ रेघांवर हे दुप्पट खरे. एकाच दिशेच्या रेघांच्या तुकड्याकडे लहान भोकातून पाहिले की रेघांच्या दिशेने झालेली हालचाल कुणालाच ओळखता येत नाही. आपल्या डोळ्यांनाही नाही. मोर, मुनिया, कुयऱ्या, कमळे यांच्यावर माऊस त्या मानाने खुशीत असेल, कारण तिथे रेघ वळते, रंग तुटतो, जर आणि रेशीम एकमेकांत शिरतात.

माऊसला आवडत नाही अशी आणखी एक गोष्ट कापडात असते: पुनरावृत्ती. समजा एखादा नमुना दर पाव मिलिमीटरला तंतोतंत पुन्हा येतो. दोन फोटोंमध्ये हात त्याच्या अर्ध्यापेक्षा, म्हणजे सव्वाशे मायक्रॉनपेक्षा, जास्त सरकला तर चिपला कळेना की नमुना थोडा पुढे गेला की पुढचाच नमुना मागून आला. सेकंदाला १५०० फोटोंच्या हिशेबाने ही वेळ येते सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या वेगाला, आणि एवढ्या वेगाने आपला हात सहज जातो. मग बाण थरथरतो किंवा उलटा पळतो. चकचकीत मासिकातल्या फोटोवर, जो खरे तर समान अंतरावरच्या ठिपक्यांचा बनलेला असतो, जुने माऊस बिचकायचे ते यामुळेही. खेळांसाठीच्या काही चिपमध्ये फोटो सेकंदाला १२,००० पर्यंत जातात आणि ही मर्यादा आठ पटींनी मागे सरते.

हातमागाच्या पैठणीला मात्र ही भीती कमी. विणकर फणी प्रत्येक वेळी अगदी तेवढ्याच जोराने ठोकत नाही, रेशमाचा धागा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, पदरावरचा रंग सुट्या तिल्लीने, हाताने भरलेला असतो. कुठेतरी दोन धागे चिकटतात, कुठेतरी केसभर अंतर पडते. यंत्रमागाच्या कापडात ही गडबड कमी, म्हणून नमुना काटेकोर, म्हणून माऊसचा गोंधळ व्हायला जागा जास्त. अस्सल हातमाग ओळखायला अनेक जण पदर उलटा करून मागची बाजू पाहतात, दोन्हीकडे नक्षी सारखी आहे का म्हणून. माऊसने ओळखायला घेतला असता तर त्याने धाग्यांमधला हा बेशिस्तपणा मोजला असता.

आणि आता या सगळ्या लाल-निळ्यावर पाणी. आजच्या बऱ्याच माऊसच्या पोटात दिवा दिसतच नाही. तो असतो, पण अवरक्त, ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा. २००४ मध्ये लॉजिटेकने अजिलेंटबरोबर लेझरचा माऊस आणला तोही याच पट्ट्यातला होता, आणि पुढे चांगल्या चिप पुन्हा साध्या एलईडीकडे वळल्या तरी पट्टा बहुधा अवरक्तच राहिला. सिलिकॉनला हा उजेड फार मानवतो, वीज कमी लागते. खेळांच्या माऊसवर सप्तरंगी दिवे नाचताना दिसतात ते शोभेचे. काम करणारा दिवा खाली, न दिसणारा. निळा झगमगाट पाहून निळ्या दिव्याचा म्हणून माऊस घेणारे मी पाहिले आहेत, आणि दुकानदारानेही त्यांना आनंदाने घेऊ दिले. तपासायचे असेल तर मोबाईलचा कॅमेरा माऊसच्या पोटाकडे धरा. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यांत, विशेषतः समोरच्या, तिथे फिकट जांभळट ठिपका उमटतो. टीव्हीच्या रिमोटवरही हा प्रयोग होतो.

या अवरक्त डोळ्याला पैठणी कशी दिसेल? कापड रंगवायचे बहुतेक रंग दिसणाऱ्या उजेडातच काय ती करामत करतात. अवरक्तात ते पारदर्शक होतात आणि खालचा धागा आपला उजेड सरळ परत पाठवतो. लाल ताणा, निळा बाणा, हिरवे अंग, अंजिरी काठ, सगळे जवळजवळ एकाच फिकट छटेचे. काळ्या रंगात रंगवलेली कापडेही अवरक्त फोटोंत अनेकदा राखाडी-पांढरी निघतात, म्हणजे चंद्रकळेचे काळे अंगही फिके पडण्याची शक्यता बरीच. काजळीचा काळा तेवढा अवरक्तातही काळा राहतो. कर्श यांना आपल्या पाटीसाठी अवरक्त गिळणारी खास शाई का लागली, ते इथे कळते. साधी शाई त्या दिव्याला दिसलीच नसती. रंगारी आणि विणकर यांच्यातला रंगाऱ्याचा भाग अवरक्त माऊस साफ वगळतो आणि विणकराचा तेवढा वाचतो: धागा कुठे वर आला, कुठे खाली गेला, जर कुठे शिरली. धूपछाव त्याच्यापुढे नाहीच. ताणा-बाणा मात्र आहे.

म्हणून माऊस कुठला घ्यावा असे साडीच्या दुकानदाराने विचारले, तर दिव्याच्या रंगाची चौकशी करू नका असेच सांगेन. दुकानातला बिलाचा कम्प्युटर हल्ली काचेच्या काउंटरवर असतो, आणि नितळ काचेवर लाल, निळा, अवरक्त तिघेही सारखेच आंधळे होतात, कारण तिथे ना सावली ना रंग. लॉजिटेकने २००९ मध्ये ‘डार्कफील्ड’ नावाचे माऊस काढले ते काचेवरची बारीक धूळ आणि ओरखडे पाहून चालतात, तेही काच निदान चार मिलिमीटर जाड असेल तर, आणि महाग पडतात. त्याऐवजी काचेवर साधा कोरा कागद चिकटवावा. कागदाचे तंतू कुणी ओळीने लावलेले नसतात, प्रत्येक मिलिमीटरला त्यांची मांडणी वेगळी, आणि माऊसला त्याहून जास्त काही लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, तो मळून गुळगुळीत झाला की, बदलावा.